आईची कार-टी थेरपी: आमचा अनुभव, खर्च आणि रोजचं एक वाक्य

हे लिहायला मला सात महिने लागले. लिहायला बसलं की पुढचा स्कॅन आठवायचा आणि वाटायचं आधी तो होऊ दे मग बघू. आता दोन स्कॅन चांगले आलेत, तिसरा महिन्यावर आलाय, आणि गेल्या आठवड्यात इचलकरंजीतल्याच एका ओळखीच्या बाईंचा फोन आला की त्यांच्या मुलाला डॉक्टरांनी कॅन्सरवरची कार-टी थेरपी सांगितलीय, तुमच्या आईची झाली ना, सांगा काय काय असतं ते. तासभर बोलले तरी निम्मं राहिलं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते, ज्याला लागेल त्याला उपयोगी पडेल.

आधी एक सांगते. हॉस्पिटलचं नाव देणार नाही आणि आईला कुठल्या कंपनीच्या पेशी दिल्या तेही नाही. काही गोष्टींबद्दल माझी तक्रार आहे, त्याच लोकांनी आईला वाचवलंय हेही खरंय, आणि मला कुणाची बदनामी करायची नाहीये. पुण्यातलं मोठं हॉस्पिटल होतं एवढं पुरे. रिव्ह्यू उपचाराचा आहे.

आईचं वय ५९. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे बी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. गळ्याला गाठ आली, आधी टीबीची समजून महिनाभर गेला, मग बायोप्सी, मग आर-चॉप नावाच्या केमोच्या सहा सायकल. केस गेले, परत आले, स्कॅन क्लीन, आम्ही जोतिबाला जाऊन आलो. आठ महिन्यांनी पोटात दुखायला लागलं आणि परत गाठी, यावेळी पोटात. दुसऱ्या लाइनची केमो दिली, ती गाठींना फारशी लागलीच नाही. केमोने गाठी नीट वितळल्या तरच बोन मॅरो ट्रान्सप्लांटला अर्थ असतो असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणजे तो रस्ताही बंद. तेव्हा पहिल्यांदा कार-टी हा शब्द ऐकला. मला वाटलं काहीतरी मशीन असेल, रेडिएशनसारखं.

मशीन नाही. मला जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते. आपल्या रक्तात टी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, शरीरात कोण आपलं कोण परकं हे बघून मारणाऱ्या. कॅन्सरची पेशी आपल्याच शरीरातली, त्यामुळे बऱ्याचदा ती त्यांच्या नजरेतून सुटते. मग करायचं काय तर पेशंटच्याच टी-सेल बाहेर काढायच्या, लॅबमध्ये त्यांच्यात एक नवा जीन घालायचा, तो घालायला निरुपद्रवी केलेला व्हायरस वापरतात, आणि त्या जीनमुळे त्या पेशीच्या अंगावर एक नवा रिसेप्टर उगवतो जो सीडी-१९ नावाची खूण ओळखतो. ही खूण बी-सेलवर असते, आणि आईचा कॅन्सर बी-सेलचाच. मग या बदललेल्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या, अगदी कोट्यवधी करायच्या, आणि परत त्याच पेशंटला द्यायच्या. आत गेल्यावर त्या आणखी वाढतात. म्हणजे हे गोळीसारखं नाही की रक्तातून उतरलं की संपलं. जिवंत औषध आहे.

आईने आयुष्यभर लूमसाठी घरी बसून कांड्या भरल्यात. तिला हे सगळं समजावलं तर एवढंच म्हणाली, "म्हंजे सूत माझंच, डिझाईन तेवढं बदलणार." मी त्यानंतर कितीतरी व्हिडिओ बघितले, याच्याहून सोपं कुणी सांगितलं नाही.

भारतात हे कधी आलं ते आम्ही खूप वाचलं कारण घरात सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच होता, हे नवीन आहे का, आपल्यावर प्रयोग करतायत का. अमेरिकेत एमिली व्हाइटहेड नावाच्या लहान मुलीला २०१२ ला फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलात दिलं होतं, तिला रक्ताचा कॅन्सर होता, ती आजही ठणठणीत आहे. ऑगस्ट २०१७ ला तिथे त्या थेरपीला मंजुरी मिळाली, किमराया नाव, आणि किंमत किती तर ४ लाख ७५ हजार डॉलर. फक्त औषधाची. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या लॅबने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर आपली स्वतःची कार-टी तयार केली, ४ जून २०२१ ला खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्याच संशोधन केंद्रात, पहिल्या पेशंटला दिली, आणि ऑक्टोबर २०२३ ला सीडीएससीओने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, मंजुरी दिली. तीच नेक्सकार१९, आयआयटीतूनच निघालेल्या इम्युनोॲक्ट कंपनीची. ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू पवईला आल्या होत्या तिच्या लोकार्पणाला. त्यानंतर जानेवारी २०२५ ला बंगळूरच्या इम्युनील कंपनीची कार्टेमी नावाची कार-टी आली. इथे पवईत आणि खारघरमध्ये बसून आपल्या लोकांनी हे केलं नसतं तर आईपुढे हा पर्याय आलाच नसता, ४ कोटी आम्ही सात जन्मात उभे केले नसते. मला त्या लोकांबद्दल मनापासून कृतज्ञता आहे, त्यातल्या एकालाही मी भेटलेली नाही तरी.

आणि हे सगळ्यांना लागू पडतं असं नाही. नेक्सकार१९ च्या चाचणीचे निकाल २०२५ मध्ये आले, त्यात प्रतिसाद देणाऱ्यांचं प्रमाण ७३ टक्के होतं. म्हणजे चारातल्या एकाला काहीच उपयोग नाही, आणि ज्यांना प्रतिसाद मिळाला त्यातही काहींचा आजार परत येतो. आमच्या डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दाखवलं, गोड बोलून नाही. त्या दिवशी मला राग आला होता. आता वाटतं तेच बरोबर होतं. जो डॉक्टर आकडा सांगत नाही त्याच्याकडे मी आता जाणार नाही.

याचं कारण पण सांगते. आईच्या आधी आमच्या मामांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता. तेव्हा कुणीतरी एका क्लिनिकचा पत्ता दिला, नाव देत नाही, चकचकीत रिसेप्शन, भिंतीवर पेशींचे मोठे मोठे फोटो. तुमच्या रक्तातल्या इम्युन पेशी आमच्या लॅबमध्ये वाढवून परत देतो, साइड इफेक्ट शून्य, केमोची गरज नाही, सहा इंजेक्शनचं पॅकेज, आज भरले तर डिस्काउंट. मामींनी दागिने मोडून पैसे भरले. किती पेशंटना उपयोग झाला विचारलं तर दोन पेशंटचे व्हिडिओ दाखवले. मामा चार महिन्यांत गेले. त्या आजारात ते कदाचित तसेही गेले असते, पण शेवटचे महिने घरात बसून गप्पा मारायचे सोडून ते गाडीत कोल्हापूर ते ते क्लिनिक असे हेलपाटे घालत होते आणि मामी अजून सोनाराकडे जायचं टाळतात.

म्हणून कार-टीचं ऐकलं तेव्हा मामीच सगळ्यात आधी म्हणाल्या, "हे तेच हाय, जाऊ नगासा." वरवर बघितलं तर वाक्य तेच आहे ना, तुमच्या पेशी लॅबमध्ये वाढवून परत देतो. फरक कुठे आहे ते मला पण शोधायला लागलं. पहिला फरक म्हणजे कुठल्या कॅन्सरसाठी सीडीएससीओची मंजुरी आहे ते नावानिशी सांगता येतं. आज आपल्याकडे मंजूर असलेली कार-टी बी-सेलच्या ठराविक रक्ताच्या कॅन्सरसाठी आणि लिम्फोमासाठी आहे, तीही आधीचे उपचार फेल गेल्यावर. स्तनाच्या, फुप्फुसाच्या, स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर कार-टी अजून संशोधनातच आहे, कारण तिथे सीडी-१९ सारखी सोयीची खूण सापडत नाही, जी खूण गाठीवर असते ती चांगल्या अवयवांवर पण असते, आणि गाठीच्या आत या पेशी नीट शिरत नाहीत, शिरल्या तर थकतात. गाठीतूनच पेशी काढून वाढवायची वेगळी पद्धत अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८०च्या दशकापासून चिकाटीने केली, आणि तिला मंजुरी मिळायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं, तेही एका प्रकारच्या त्वचेच्या कॅन्सरपुरती. इतकी वर्षं. आणि कुणी गल्लीतल्या क्लिनिकमध्ये सगळ्या कॅन्सरवर चालतं म्हणत असेल तर सरळ उठून या. दुसरा फरक म्हणजे साइड इफेक्ट. खऱ्या कार-टीवाल्यांनी आम्हाला दीड तास बसवून फक्त काय काय बिघडू शकतं एवढंच सांगितलं.

आता पैसे. सगळे हेच आधी विचारतात. औषधाची किंमत अमेरिकेच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे ४० लाखांच्या आसपास धरा. पण ती फक्त तयार पेशींच्या पिशवीची. पेशी काढायचा खर्च, मधली केमो, महिनाभराची रूम, त्यातले काही दिवस आयसीयू, रोजच्या रक्ततपासण्या, रक्त, प्लेटलेट, पेट स्कॅन, इंजेक्शनं, हे वेगळं. आमचं सगळं मिळून ५० लाखांच्या थोडं वर गेलं. बाबांनी आठ लूम भंगारात काढले आणि शेडची जागा विकली, भावाने लोन काढलं, काही ट्रस्टकडून मदत झाली, हॉस्पिटलच्या सोशल वर्कर ताईंनी त्या फॉर्मसाठी इतकी धावपळ केली की सख्ख्या नात्यातलं कुणी करणार नाही. अंदाजपत्रक मागताना एक करा, वरची सगळी नावं घेऊन प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून घ्या आणि आयसीयू लागलं तर रोजचे किती ते पण विचारा. आम्हाला पहिल्यांदा मिळालेल्या कागदावर यातलं निम्मं नव्हतं, आणि मधेच अजून चार लाख भरा म्हणून काउंटरवरून फोन आला तेव्हा आई तापाने फणफणत होती. हे चुकीचं आहे. लोक शेडची जागा विकून येतात, त्यांना आकडा आधी कळायला पाहिजे.

इन्शुरन्सचं तर विचारू नका. भावाच्या कंपनीची पॉलिसी, आईबाबा त्यात आहेत, १० लाख. पहिलं उत्तर आलं की उपचार प्रायोगिक आहे, सबब क्लेम नामंजूर. मंजुरीचं पत्र, डॉक्टरांचं पत्र, याआधीच्या दोन्ही उपचारांचे रिपोर्ट असं सगळं जोडून भावाने आधी कंपनीच्या तक्रार विभागाला आणि मग विमा लोकपालांकडे अर्ज केला. चार महिन्यांनी पैसे आले. पहिल्या नकारावर बसू नका, आणि प्रायोगिक या शब्दाला उत्तर म्हणून सीडीएससीओच्या मंजुरीची तारीख लिहा, आमचं तिथेच फिरलं.

पेशी काढायचा दिवस सोपा गेला. त्याला ॲफरेसिस म्हणतात, प्लेटलेट दान करताना जशी मशीन असते साधारण तशीच, एका नळीतून रक्त जातं, मशीन हव्या त्या पेशी बाजूला काढते आणि बाकीचं रक्त परत येतं. साडेतीन तास. केमोने आईच्या हाताच्या शिरा गेल्या होत्या म्हणून मानेत नळी टाकली. मधेच तिच्या ओठांना मुंग्या यायला लागल्या, मी घाबरले, पण रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात त्याने कॅल्शियम उतरतं, कॅल्शियम दिल्यावर दहा मिनिटांत थांबलं. एक महत्त्वाचं, याच्या आधी स्टेरॉइड बंद करायला लागतात आणि केमोनंतर ठराविक दिवस जावे लागतात, नाहीतर पेशीच पुरेशा मिळत नाहीत. म्हणून कुठल्याही दुसऱ्या डॉक्टरने ताप आला म्हणून स्टेरॉइड लिहून दिलं तर आधी कार-टीच्या टीमला फोन करा.

मग वाट बघणं. हा भाग कुणी नीट सांगत नाही. पेशी तिकडे लॅबमध्ये वाढतायत आणि इकडे कॅन्सरही वाढतोय. पेशींची वाढ दहा-बारा दिवसांत होते पण त्यानंतर तपासण्या असतात, त्यात जंतू नाहीत ना, किती टक्के पेशींवर नवा रिसेप्टर आलाय, किती जिवंत आहेत, आणि हे सगळं पास झाल्याशिवाय पिशवी लॅबमधून बाहेर पडत नाही. आम्हाला चार आठवडे लागले. मधे गाठी आवरायला थोडी केमो दिली. आई पुण्यात धायरीला माझ्याकडे होती, रोज सकाळी विचारायची, "पिकल्या का गं माझ्या पेशी?" मी कोऑर्डिनेटरला रोज फोन करायचे, त्या मुलीने एकदाही चिडून उत्तर दिलं नाही. तिला माझ्याकडून दहापैकी दहा.

पिशवी यायच्या आधी तीन दिवस फ्लूडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, ही केमो कॅन्सर मारायला नसते तर नव्या पेशींना जागा करून द्यायला असते. मग दोन दिवस आराम. आणि मग तो दिवस. द्रव नायट्रोजनच्या टाकीतून वाफा काढत ती पिशवी आली, कोमट पाण्यात वितळवली, दोन सिस्टरनी नाव आणि नंबर मोठ्याने तीन वेळा वाचला, आणि सोडली. एवढीशी पिशवी, हाताच्या पंजात मावेल. पंधरा मिनिटांत संपली. खोलीभर लसणीसारखा आणि उकडलेल्या मक्यासारखा वास सुटला, पेशी गोठवताना जे रसायन घालतात त्याचा तो वास, आईच्या श्वासाला दुसऱ्या दिवसापर्यंत येत होता. आई म्हणाली, "एवढ्यासाठी शेड गेलं?" बाबा तिचा पाय दाबत बसले होते, म्हणाले, "शेड काय करायचंय, तू हायस न्हवं."

तिसऱ्या दिवशी ताप चढला. १०३. याची आम्हाला कल्पना दिली होती, नव्या पेशी कामाला लागल्या की शरीरात सायटोकाइन नावाच्या रसायनांचा पूर येतो, ताप, बीपी उतरणं, ऑक्सिजन उतरणं. पॅरासिटामॉलने उतरेना, बीपी ८० वर आलं, मग टोसिलिझुमॅब दिलं. कोरोनात ज्या टोसीसाठी लोक रात्री अपरात्री मेडिकलच्या रांगेत उभे होते तेच औषध. त्या एमिलीलाही २०१२ ला याच औषधाने वाचवलं होतं, ते खरं तर सांधेवाताचं औषध, आणि तिच्या रक्तात आयएल-६ हे त्यातलंच एक सायटोकाइन खूप वाढलंय हे वेळेत लक्षात आलं म्हणून द्यायचं सुचलं. आईचा ताप सहा तासांत खाली आला. इथे मला हॉस्पिटलचं खरं कौतुक करायचंय. ते औषध पेशंटच्या नावाने आधीच आणून वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं, रात्री अडीचला कुणाला चिठ्ठी घेऊन पळायला लागलं नाही. तुम्ही जिथे कराल तिथे हे विचारा, टोसी आधीच वॉर्डात असतं का. याचं उत्तर जे हो देतील तेच खरं सेंटर.

आता वाक्याचं सांगते, माझ्या मते या सगळ्यात हेच सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुठे लिहिलेलं मला मराठीत सापडलं नाही.

कार-टीनंतर काही पेशंटच्या मेंदूवर परिणाम होतो. गोंधळ, शब्द न आठवणं, झोपाळूपणा, क्वचित झटके. सगळ्यांना होत नाही, नेक्सकार१९ मध्ये हा त्रास कमी दिसलाय असं वाचलं, पण लक्ष सगळ्यांवरच ठेवतात. त्यासाठी रोज एक छोटी परीक्षा घेतात, दहा मार्कांची. वर्ष कोणतं, महिना कोणता, गाव कोणतं, हॉस्पिटल कोणतं, याचे चार. तीन वस्तू दाखवून नावं विचारतात, त्याचे तीन. डोळे मिटा, दोन बोटं दाखवा असं काहीतरी सांगतात, एक. एक वाक्य लिहायचं, एक. आणि शंभरपासून उलटं दहा-दहाने मोजायचं, एक.

चौथ्या दिवशी रात्रीच्या सिस्टरनी आईला दहापैकी सात दिले. त्या केरळच्या, खूप मायाळू, पण मराठी येत नव्हतं. प्रश्न हिंदीत आणि इंग्रजीत. आई चौथी शिकलेली. हंड्रेडपासून उलटं मोजा म्हटल्यावर ती नुसती बघत राहिली. हॉस्पिटलचं नाव इंग्रजी, तीन शब्दांचं, ती म्हणाली मोठा दवाखाना. घड्याळ दाखवलं तर घड्याळ म्हणाली, ते बरोबर धरलं, पण वाक्य लिहा म्हटलं तर तिने नुसती सही केली कारण आयुष्यात तिने सही आणि दुधाचा हिशोब एवढंच लिहिलंय. झालं, सात मार्क, धावपळ, रात्री एकला डोक्याचा स्कॅन. स्कॅन नॉर्मल. सकाळी मी गेले आणि मराठीत विचारलं तर शंभर, नव्वद, ऐंशी, सत्तर, घडाघडा. मी खूप भांडले त्या दिवशी. पैशावरून इतकी भांडले नव्हते. परीक्षा मेंदूची घ्यायची की इंग्रजीची? आणि त्यातली खरी भीती उलटी आहे, आईला तर येत होतं, पण एखाद्याला खरंच गोंधळ सुरू झाला आणि भाषा येत नसेल म्हणून कुणी सोडून दिलं तर?

त्यांनी ऐकलं, हे सांगायलाच पाहिजे. दुपारी मोठ्या डॉक्टर मॅडम स्वतः आल्या, परीक्षा मराठीत लिहून भिंतीवर चिकटवली, मराठी येणारी एक सिस्टर प्रत्येक शिफ्टला ठरवून दिली. आणि म्हणाल्या काकू, एक वाक्य ठरवा, रोज तेच लिहायचं. आईने विचार केला आणि लिहिलं, "आज नळाला पाणी आलं." इचलकरंजीत ज्याने दिवस काढलेत त्याला हे वाक्य का सुचलं ते सांगायला नको, आमच्याकडे पाणी कधी येणार यावर अख्ख्या गल्लीचं वेळापत्रक असतं. दोनशे पानी एकरेघी वही आणली. पाचव्या दिवसाचं वाक्य नीट, हळूहळू काढलेलं, रेघेवर.

सातव्या दिवशी सकाळी तिने लिहिलं, "आज नळाला नळाला". पुढे अक्षर रेघेवरून खाली घसरलेलं आणि ळ चा नुसता गोल. बोलत नीट होती, मला नावाने हाक मारली, चहा गोड आहे म्हणाली. नुसतं बोलणं ऐकून कुणाच्या लक्षात आलं नसतं. मराठीवाल्या सिस्टरने आदल्या दोन दिवसांची पानं शेजारी धरली आणि डॉक्टरांना फोन लावला, अर्ध्या तासात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू. दुपारपर्यंत आईला चमचा हा शब्द आठवेना, ते खायचं ते, ते खायचं ते म्हणत होती आणि स्वतःवरच रडत होती. तो दिवस मी विसरणार नाही. नवव्या दिवशी वाक्य पूर्ण झालं. दहाव्या दिवशी अक्षर पहिल्यासारखं. त्या पानावर मॅडमनी स्वतः दहापैकी दहा लिहून सही केली, आई ते पान सगळ्यांना दाखवते.

म्हणून ज्यांना करायचंय त्यांनी पेशी द्यायच्या आधीच, पेशंट बरा असताना, त्याच्या स्वतःच्या भाषेत ही परीक्षा घ्यायला लावा आणि वहीत लिहून ठेवा. अक्षर मुळात कसं होतं हेच माहीत नसेल तर बिघडलेलं कसं कळणार. अहिराणी बोलणारं माणूस असेल तर अहिराणीत, कोकणी असेल तर कोकणीत. हॉस्पिटलचं नाव पाठ करून घ्या, उगीच मार्क जातात.

पुढचे दोन आठवडे रक्ताचे होते. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य, प्लेटलेट १२ हजार. भावाचे मित्र, बाबांच्या ओळखीच्या कामगारांची पोरं, इचलकरंजीहून रात्रीच्या एसटीने येऊन प्लेटलेट देऊन सकाळच्या गाडीने परत गेली. या पेशंटना इरेडिएट केलेलंच, म्हणजे रेडिएशन दिलेलंच रक्त चालतं, ते ब्लड बँकेला प्रत्येक वेळी सांगायचं, फॉर्मवर असलं तरी तोंडाने सांगायचं. २४ व्या दिवशी डिस्चार्ज, पण गावाला जायचं नाही, हॉस्पिटलपासून तासाभरात राहायचं. आमचं घर धायरीला म्हणून जमलं, ज्यांचं पुण्या-मुंबईत कुणी नाही त्यांनी महिन्या-दीड महिन्याचं भाडं खर्चात धरा.

तिसाव्या दिवशी पेट स्कॅन. पोटातल्या गाठी दिसत होत्या पण चमकत नव्हत्या, म्हणजे जिवंत नव्हत्या. तीन महिन्यांनी परत केला, तसाच. डॉक्टर बरी झाली असं म्हणत नाहीत, रिमिशन म्हणतात, म्हणजे आजार सध्या दिसत नाही, आणि आम्ही पण तेवढंच म्हणतो.

त्यानंतरचं आयुष्य कसं आहे तेही विचारतात लोक. या पेशी कॅन्सरच्या बी-सेलबरोबर चांगल्या बी-सेलही मारतात, त्यामुळे अँटिबॉडी बनत नाहीत. आईला आता साधारण महिन्याला एकदा आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीचं औषध, चढवायला लागतं, ते महाग आहे आणि किती दिवस लागेल ते नक्की नाही, हा खर्च आम्ही धरलाच नव्हता. गर्दीत जायचं नाही, लग्नाला मास्क लावून अर्धा तास, लसी नव्याने घ्यायच्या आहेत. अमेरिकेत २०२४ ला या सगळ्या थेरपींच्या लेबलवर नवा इशारा घातला की क्वचित टी-सेलचाच नवा कॅन्सर होऊ शकतो, त्यामुळे तपासण्या आयुष्यभर. थकवा अजून आहे, जिना चढताना एकदा बसते.

पाचपैकी किती तर उपचाराला माझे साडेचार, अर्धा खर्चासाठी कापला. हॉस्पिटलला चार. पैशाच्या कागदाचा एक कापला. भाषेचा कापणार होते पण त्यांनी एका दिवसात सुधारलं, आणि परवा फॉलोअपला गेलो तर वॉर्डच्या भिंतीवर तीच परीक्षा मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये लावलेली दिसली.

आई आता इचलकरंजीला आहे. वही अजून चालू आहे, रोज नाही, पाणी आलं की लिहिते. त्या ओळखीच्या बाईंच्या मुलाचं ॲफरेसिस येत्या सोमवारी आहे. आईने सांगितलंय रविवारी जाऊन त्याला एक वही देऊन ये, एकरेघी बघून घे, दुरेघीत पोराचं अक्षर मावायचं नाही.